बदरी आचारी आणि पट्टकादंब

कुंभकोणमात श्राद्धाच्या स्वयंपाकाला कुणाला बोलवावं म्हणून विचारलं, तर वैष्णवांच्या घरी पहिलं नाव बदरीनाथाचं निघतं. वय बावन्न, अंग काटक, पोट सपाट. आचाऱ्याचं पोट सपाट बघून नवं घर जरा बिचकतं. पण एकदा त्याच्या हातचं अंबट वरण पानात पडलं, की मग त्याच्या पोटाकडे कुणी बघत नाही. उडदाचे वडे, तिळाचे लाडू, कारलं, कच्चं केळं, अळू, दोन तऱ्हेची पायसं, आणि पंचवीस-तीस पानं. सगळं लाकडाच्या चुलीवर, एकट्यानं, पहाटेपासून दुपारपर्यंत. तेवढा वेळ तो मडीत असतो. देशावरचे लोक ज्याला सोवळं म्हणतात ते आमच्या तंजावरी मराठीत मडी. मडीत असलेल्या बदरीला कुणी शिवायचं नाही, आणि त्यानंही मडीबाहेरच्या कशाला बोट लावायचं नाही. लावलं, की विहिरीवर जाऊन डोक्यावरून पाणी.

हे त्याचं अर्धं आयुष्य झालं. उरलेलं अर्धं पाखरांनी खाल्लंय.

त्याची सुरुवात नऊ वर्षांमागे झाली. नवरात्राचे दिवस, घरोघर कोलूच्या पायऱ्यांवर बाहुल्या मांडलेल्या. एका घरी स्वयंपाक उरकून तो परसात हात धुवायला गेला, तर केळीच्या बुंध्याशी काहीतरी रंगीत पडलेलं. पाठ हिरवी, पंखावर निळा तुकडा, पोटाखाली कुंकू सांडल्यागत लाल, आणि डोळ्यावरून काजळाची जाड रेघ. कुणा पोरानं कोलूतली बाहुली पळवून इथं टाकली, असं म्हणून तो उचलायला वाकला, तर बाहुलीनं टुणकन उडी मारली. भिंतीवर आपटून गरगरलेलं पाखरू होतं ते. बदरीनं त्याच्यावर वेळूची टोपली घातली, आणि टोपलीसकट ते घेऊन गेला कृष्णमूर्ती सारांकडे.

कृष्णमूर्ती सार म्हणजे कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवून निवृत्त झालेले गृहस्थ. त्यांचे पूर्वज तंजावरच्या दरबारी कारकून होते. हे सकाळी उठून कावेरीच्या काठानं दुर्बीण घेऊन हिंडतात. त्यांनी टोपली किंचित उचलून आत डोकावलं नि म्हणाले, "नवरंग. तमिळ लोक ह्याला सहा वाजतांचं पाखरूं म्हणतात. सकाळीं सहाला ओरडतें, संध्याकाळीं सहाला ओरडतें. हिमालयाच्या पायथ्यापासून आलें आहे, थंडीला."

"येवढं पोर? तेथून येथें?" बदरी म्हणाला. "वाटेंत जेवतें कोठें?"

सार म्हणतात, इतकी वर्षं पोरांना शिकवलं, पण असा बिनतोड प्रश्न एकानं विचारला नाही. संध्याकाळी दोघांनी मिळून ते पाखरू केळीच्या बागेत सोडलं. ते पानांत शिरलं आणि नेमकं सहाच्या सुमाराला दोन सुरांत ओरडलं. बदरी घरी आला तो भारल्यागत. त्या रात्री त्यानं स्वतःच्या घरच्या सांबारात दोनदा मीठ घातलं. बायको, सरस्वती, म्हणाली, "पाखरू चावलं कां तुम्हांला?" चावलंच होतं.

सारांनी त्याला आपली जुनी दुर्बीण दिली. चामड्याचा पट्टा, चामड्याची पेटी, काचा मात्र लख्ख. तेव्हापासून गावाचा नकाशाच त्याच्या डोक्यात बदलला. कुणी विचारावं, पांडुरंगरावांच्या घरी आता कोण कोण असतं, तर हा सांगायचा, मागच्या चिंचेवर पिंगळ्याची जोडी आणि गच्चीच्या फटीत साळुंकीची वीण. कामाक्षी मामींचं घर म्हणजे खंड्याचं घर. महामहम कुळाच्या, म्हणजे तळ्याच्या, पायऱ्यांवर लोक पाप धुवायला उतरतात, हा तिथं पाणकावळे पंख वाळवताना मोजायचा. बाजारामागच्या उकिरड्यावर नाक दाबून उभा राहायचा, कारण तिथल्या डबक्यात कार्तिक महिना लागला की उत्तरेच्या तुताऱ्या उतरतात. चिमूटभर पक्षी, शेपटी वरखाली, वरखाली, नवी सून घर झाडतेय असं वाटावं. आलेल्या पाहुण्यांना तो ओळखीच्या माणसासारखं बोलायचा. "आलास कां रे? यंदा उशीर केलास."

पण एक गोष्ट त्याच्या पोटात सलत होती.

पोंगलच्या चार दिवसांत गावोगावची पाखरं मोजतात. कुंभकोणमात असे मोजणारे दहा-बारा जण आहेत. रिक्षावाला मणी आहे, पोस्टातली पंकजा आहे, दोन मास्तर आहेत, आणि यादीवर अखेरचा शब्द कृष्णमूर्ती सारांचा. मागच्या पोंगलला, झुंजुमुंजू होताना, बदरीनं कावेरीवरून अकरा मोठे पक्षी उडत जाताना पाहिले. मान लांब, आवाज नाकातून, आंग आंग, आंग आंग. पट्टकादंब. हिमालय ओलांडून येणारा हंस. कुंभकोणमच्या यादीत तो आजवर कधी चढला नव्हता. बदरी धावतच सारांकडे गेला. सारांनी विचारलं, दुसरं कोण होतं? कुणी नाही. फोटो? नाही. डोक्यावरच्या पट्ट्या दिसल्या? अंधूक होतं.

"मग नाहीं लिहायचा," सार म्हणाले. "एकट्यानं पाहिलेला, फोटो नसलेला, पट्ट्या न दिसलेला हंस मी माझ्या बापाच्या सांगण्यावरूनही लिहिणार नाहीं."

नियम बरोबर होता, त्याबद्दल बदरीची तक्रार नाही. पण मणीनं, बदरीला तो तमिळ रीतीनं अय्या म्हणजे साहेब म्हणतो, सगळ्यांदेखत जोडून दिलं, "अय्या, आयुष्यभर चुलीपुढं बसल्यावर वाफेत काय काय दिसतं." सगळे हसले. सारही हसले. ते हसू बदरीला वर्षभर पचलं नाही. यंदाच्या गणतीत पट्टकादंब सारांच्या डोळ्यांना दाखवायचा, आणि यादीत चढवायचा. नाही चढवला तर पुन्हा यादीच्या वाटेला जायचं नाही, असं तो सरस्वतीला सांगून बसला होता. आणि सरस्वती अशा गोष्टी विसरणारी बाई नव्हे.

यंदाचे पहिले तीन दिवस तो पहाटेपासून फिरला. बासष्ट जातींची पाखरं मिळाली. भुवई बदकं मिळाली, तपकिरी खाटीक मिळाला, उघड्या चोचीचे करकोचे तर शेताशेतात शेणाच्या गोवऱ्यांसारखे पसरलेले. पण हंस नाही. आणि चौथ्या दिवशी, शेवटच्या दिवशी, तिरुविसनल्लूरला नरसिंहरावांच्या वडिलांचं श्राद्ध. तिथी काही पाखरांसाठी पुढंमागं होत नाही. वर्षापूर्वी शब्द दिलेला. बदरी मोपेडवर दुर्बिणीची पिशवी अडकवून अंधारातच तिकडे गेला, पिशवी ओसरीवरच्या खुंटीला टांगली, विहिरीवर आंघोळ केली आणि मडी नेसून चुलीपुढे बसला. बसला खरा, पण तोंड एरंडेल प्यायल्यासारखं.

घर अग्रहाराच्या टोकाला. मागचं दार उघडलं की विहीर, चार माड, मग पाटाचं पाणी आणि पलीकडे शेतं. त्यातली दोन-तीन शेतं कापून झाली होती, धसकटांत घोट्याएवढं पाणी. साडेदहाच्या सुमाराला बदरी केळीची सालं टाकायला मागच्या दाराशी आला. सहज नजर टाकली, आणि हातातली सालं हातातच राहिली.

दुसऱ्या शेताच्या बांधापलीकडे मोठे, राखट पांढरे पक्षी. बदकाच्या दुप्पट. जेवून उठलेल्या यजमानासारखी चाल, हलत डुलत, दोन पावलं टाकून एक घास. एवढ्या लांबून डोकं दिसत होतं, डोक्यावरचं दिसत नव्हतं.

मागच्या पडवीत नरसिंहरावांची नात, मधुमिता, फोन चाळत बसली होती. चेन्नईला बँकेत नोकरी, श्राद्धापुरती आलेली. ती मडीत नव्हती, म्हणून स्वयंपाकघराचा उंबरा तिला बंद होता.

"मधू. ए मधू. ये येथें, पळत ये."

"काय मामा, तेल सांडलं कां?"

"तेल राहों दे. तेथें पाहा, बांधापलीकडे. काय दिसतें?"

मधुमितानं पाहिलं. "बदकं."

"नीट पाहा."

"मोठीं बदकं."

"तुला बँकेंत कोण घेतला म्हणतों मी. ओसरीवर खुंटीला माझी पिशवी आहे, त्यांत दुर्बीण. आण. आणि मला शिवूं नको, लांबून ये."

मधुमिता दुर्बीण घेऊन आली. चामड्याचा पट्टा बघूनच बदरी दोन पावलं मागं सरला. ती पडवीच्या कठड्यावर चढली, डोळ्याला काचा लावल्या. बदरी उंबऱ्याच्या आत, हातात झारा.

"डोकें पाहा. डोक्यावर काय आहे?"

"डोकं पांढरं आहे. आणि मागच्या बाजूला... थांबा, हलतं आहे तें. काळं आहे कांहीं."

"काळं कसं? ठिपका? रेघ?"

"रेघ. दोन रेघा. आडव्या." ती थोडी थांबली. "आजोबा कपाळाला अंगार लावतात ना, काळी उभी रेघ? तशीच काळी. पण हात घसरून आडवा गेल्यासारखी, आणि तोही दोनदां."

बदरीच्या हातातला झारा खाली पडला. खण्ण आवाज झाला. त्या आवाजानं आतून नरसिंहराव बाहेर आले. वय अठ्ठ्याहत्तर, ओलं धोतर, बोटात दर्भाचं पवित्रक, आदल्या रात्रीपासून पोटात पाण्याशिवाय काही नाही. त्यांच्या मागोमाग त्यांची बायको, तुळसी मामी.

"काय झालं? कोणाला आडव्या रेघा?"

"त्या पाखरांना, आजोबा."

"आडव्या? म्हणजे शैव आहेत." नरसिंहराव वळून आत निघाले.

"भस्म नव्हे, आजोबा. काळ्या आहेत."

"मामा," बदरी नरसिंहरावांना म्हणाला, "हंस आहेत हे. पट्टकादंब. तिबेटांत वीण करतात आणि थंडी पडली कीं हिमालयाच्या वरून उडून येतात. आमच्या बदरीच्या वरून."

नरसिंहराव थबकले. बदरी म्हणजे हिमालयातलं बदरीक्षेत्र, जिथं व्यास आणि मध्वाचार्य अजून बसलेले आहेत असं हे घर मानतं. तीनदा तिकीट काढून तीनदा त्यांचं जाणं राहिलं होतं, एकदा गुडघ्यामुळं, दोनदा पुरामुळं. त्यांनी कपाळावर हात धरून शेताकडे पाहिलं. मग तिथंच उभे राहिले.

बदरीला इकडं धीर निघेना. चुलीवर तेल तापलेलं, वड्यांचं पीठ थापायला तयार, आणि वर्षभर ज्याची वाट पाहिली तो पक्षी दोन शेतं पलीकडे धसकटं खातोय. डोळ्याला दुर्बीण लावायची म्हणजे मडी गेली. पुन्हा आंघोळ, ओली मडी, आणि तोवर तेल जळणार, ब्राह्मण खोळंबणार. त्याच्या डोक्यात एकदम उजेड पडला.

"मधू, तूंच धर. माझ्या डोळ्यांपुढें. मला न लावतां."

"म्हणजे कसं?"

"तूं पडवींत उभी राहा, मी उंबऱ्याच्या आंत. काचा माझ्या डोळ्यांपासून एक बोट लांब. पट्टा तुझ्या मुठींत गुंडाळ, लोंबूं देऊं नको."

झालं. मधुमिता स्टुलावर उभी राहिली, दोन्ही हात लांब करून दुर्बीण हवेत धरली. बदरीनं मान पुढं काढली, कासवानं काढावी तशी. आधी माड दिसला. मग आभाळ. मग माडच.

"खालीं घे. अजून. डावीकडे. तुझी डावी नव्हे, माझी."

"मामा, हात दुखतात."

"दुखूं दे. तो बांध दिसला. आतां पुढें ने, हळूं. हळूं म्हणजे हळूं." आणि त्या थरथरत्या गोलात अवचित एक डोकं आलं. पांढरं स्वच्छ डोकं, पिवळी चोच, आणि मागं दोन काळ्या पट्ट्या, काजळाचं बोट ओढावं अशा. एक क्षण. गोल हलला, डोकं गेलं. त्याच्यामागोमाग जाणं काही बदरीच्या हातात नव्हतं. मान आपोआप पुढं झाली, आणि कपाळ खाडकन दुर्बिणीवर आपटलं.

"शिवलं," तुळसी मामी मागून म्हणाल्या. "मडी गेली. ह्या डोळ्यांनीं दिसलं मला."

"मामी, नुसतें कपाळ—"

"कपाळ तुमचंच आहे ना? विहिरीवर जा. तेल मी उतरवून ठेवत्यें."

बदरी विहिरीकडे पळाला. कळशी सोडली, ओढली, डोक्यावर ओतली, पुन्हा सोडली. मधुमिता त्याला तिथून सांगत होती, नऊ आहेत मामा, मी मोजले, नऊ. बदरी तोंडात पाणी घेऊन म्हणत होता, पुन्हा मोज, पुन्हा मोज.

इकडं काय झालं ते कुणाच्या ध्यानात यायच्या आधी होऊन गेलं. नरसिंहराव पाटावरच्या फळीवरून पलीकडे उतरले होते. ओल्या पांढऱ्या धोतरात, उपाशी पोटी, धसकटांतून चालत चालत ते पहिल्या शेताच्या मध्यावर पोहोचले. बदरीच्या वरून आलेले पाहुणे दारात येतात आणि त्यांना नमस्कार न करता श्राद्धाला बसायचं, हे त्यांना पटेना. त्यांनी उपरणं कमरेला बांधलं, हात जोडले, आणि चिखलात सरळ साष्टांग आडवे पडले.

उभा माणूस पाखरं एक वेळ चालवून घेतात. पण सहा फुटांचा पांढरा माणूस एकदम जमिनीवर कोसळला तर कुठला हंस थांबेल? आंग आंग करून सगळा थवा उठला. पंखांचा आवाज असा आला की सुगीच्या दिवसांत कुणी सुपं झटकतंय असं वाटावं. वर चढले, माडांवरून वळले, थेट विहिरीवरून गेले. बदरीच्या डोक्यावरून गेले, आणि त्या वेळी बदरीच्या डोक्यावर पाणी होतं. डोळे मिटलेले. त्यानं दोन्ही हातांनी तोंड पुसेपर्यंत दक्षिणेकडे आभाळात बारीक ओळ उरली होती, आणि आवाज.

नरसिंहराव परत आले. कपाळाला, छातीला, नाकाला चिखल. ते कुणाकडे न बघता विहिरीशी आले.

"कळशी दे," ते बदरीला म्हणाले. "माझीही गेली."

दोघं शेजारी उभं राहून आंघोळ करत राहिले. आत ओळीनं बसलेले तीन ब्राह्मण एकमेकांकडे पाहत होते.

बदरी ओल्या मडीत चुलीपुढे बसला. त्यानं वडे असे थापले की पाट कण्हायला लागला. "मधू," तो उंबऱ्यातून म्हणाला, "फोटो काढलीस कां?" काढला होता. मधुमितानं फोन लांबून धरला. हिरवट चिखलात नऊ पांढरे कण. "भाताचीं शितें आहेत हीं," बदरी म्हणाला. "सारांना लाव फोन. आवाज मोठा कर. धर येथें, लांब."

सारांनी फोन उचलला. बदरीनं सगळं एका दमात सांगितलं, साष्टांग नमस्कारासकट.

"पट्ट्या कोण पाहिला?" सारांचा आवाज आला.

"मधुमिता पाहिली. मी पाहिलों. एक क्षण."

"ह्या मधुमितेला हंस आणि बदक ह्यांत फरक कळतो कां?"

मधुमिताचं तोंड लाल झालं. "सार, सकाळीं नव्हता कळत. आतां कळतो. दोन आडव्या काळ्या रेघा, चोच पिवळी, पाय नारिंगी."

सारांनी खाकरून विचारलं, "पाय नारिंगी म्हणून तुला बदरी सांगिटला कां?"

"नाहीं. ते आंघोळ करत होते."

"गणती सूर्य मावळेपर्यंत आहे," सार म्हणाले. "कोणत्या दिशेला गेले?"

"दक्षिणेला. तिरुनागेश्वरमाच्या बाजूला."

"मी मोठी दुर्बीण घेऊन मणीच्या रिक्षांत बसतों. तूं हात मोकळे झाले कीं ये."

त्या दिवशी नरसिंहरावांच्या घरी वडे झाले ते आजवर झाले नव्हते असे. ब्राह्मणांनी तीन तीनदा मागितले. श्राद्ध उरकलं, पिंड झाले, कावळे आले, पानं उठली. आचाऱ्यानं सगळ्यांच्या शेवटी जेवायचं असतं, आणि न जेवता आचारी गेला तर घराला ते लागतं, असं सगळे मानतात. पावणेचार वाजले होते. बदरी पानापुढे बसला, उठला, पुन्हा बसला.

नरसिंहराव दारात आले. "ऊठ," ते म्हणाले. "जा. तुझं पान झाकून ठेवतों. दोष असला तर मला लागूं दे, आधींच एक लागला आहे आज."

बदरीनं मडी उतरवून शर्ट घातला, दुर्बीण गळ्यात टाकली, आणि मोपेड अशी काढली की अग्रहारातली कुत्री बाजूला झाली.

तिरुनागेश्वरमाच्या अलीकडे सार आणि मणी भेटले. दोघांनी तोवर दोन तळी पालथी घातली होती. पहिल्यात टिटव्या आणि शेकाटे. दुसऱ्यात शंभरेक पांढरे शराटी आणि म्हशी. मणी पायानं ढेकूळ फोडत म्हणाला, "अय्या, उतरले असते तर दिसले असते. गेले समुद्राकडे." बदरीनं पुन्हा दुर्बीण डोळ्याला लावली. सूर्य माडांच्या शेंड्यांपर्यंत आला होता. दोन तास, फार तर.

ते तिघं बांधाबांधानं निघाले. पाऊण तास गेला. मग एका वळणावर बदकांचा कालवा ऐकू आला. कापलेल्या शेतात पाळीव बदकांचं खांड, चारेकशे तरी, आणि त्यांची राखण करणारी बाई सुब्बलक्ष्मी, डोक्याला टॉवेल, हातात लांब काठी. सारांनी तिला विचारलं, मोठे पक्षी पाहिलेस का?

"मोठे म्हणजे ते आगाऊ का?" ती म्हणाली. "दुपारपासून माझ्या बदकांत घुसलेत. मला वाटलं कुणाची तरी सुटून आलीत. हाकललं तर माझ्यावरच ओरडतात. न्यायचे असले तर न्या, मला आता खांड घरी हाकायचंय."

"बाई," बदरी म्हणाला, "पंधरा मिनिटं. देवासारखी थांब. काठी खाली ठेव."

ती काठी टेकून उभी राहिली, पण तोंडानं, "पंधराच," असं म्हणाली.

सारांनी तिपाई रोवली, मोठी दुर्बीण बसवली, वाकले. बदरीनं आपली डोळ्याला लावली, तर नुसती बदकं. तपकिरी पाठी, माना, शेपट्या, सगळं एकमेकांत घुसळलेलं. डावीकडून उजवीकडे गेला, उजवीकडून डावीकडे आला. शेजारी सार पुटपुटत होते, "बदक. बदक. बदक. करकोचा. बदक."

मग सार बोलायचे थांबले.

बदरीनं दुर्बीण खाली घेतली. सारांची पाठ वाकलेली, एक हात तिपाईवर, दुसरा हात हवेत तसाच राहिलेला.

"सार?"

सारांचं हवेतलं बोट हळूहळू पुढं सरकलं.

"सार, काय आहे?"

"उगा राहा," सार म्हणाले. "मी मोजतों आहे."

"मला पाहूं द्या."

"एक मिनिट."

"सार, मी वर्षभर थांबलों आहे."

"मी तीस वर्षं थांबलों आहे ह्या गावांत," सार म्हणाले, आणि दुर्बीण सोडली नाही. मणीनं त्यांच्या खांद्यावरून वाकायचा प्रयत्न केला, तर त्यांनी कोपरानं त्याला ढकललं. निवृत्त प्राध्यापकाचं ते कोपर होतं असं कुणाला वाटलं नसतं.

शेवटी बदरीनं त्यांना दंडाला धरून सरळ बाजूला केलं आणि स्वतः काचेला डोळा लावला. आणि मग त्याला सगळं दिसलं. सकाळसारखा हलता गोल नव्हे, स्थिर, पाटावर मांडल्यागत. उन्हात पांढरी डोकी. एकाच्या दोन पट्ट्यांत वरची जाड, खालची बारीक. मानेवरून उतरणारा पांढरा पट्टा. पिवळ्या चोचीच्या टोकाला काळं नख. नारिंगी पाय, चिखलानं पोटरीपर्यंत माखलेले. एकानं शेजारच्या बदकाला चोच मारून हाकललं, आणि पुन्हा धसकटात मान घातली. हिमालय ओलांडून हा प्राणी तंजावरच्या भाताची धसकटं खायला आलाय. बदरीच्या तोंडून हसू फुटलं. ते थांबेना. डोळ्यातून पाणी आलं आणि काच धूसर झाली, तेव्हा तो वैतागून शर्टाच्या टोकानं काच पुसायला लागला.

"पाहिलास?" सारांनी विचारलं.

"पाहिलों."

"मणी, तूं पाहा. तिघांनीं पाहिले पाहिजेत."

मणीनं पाहिलं. बराच वेळ पाहिलं. मग तो सरळ झाला आणि टॉवेलानं मान पुसत म्हणाला, "अय्या, मागच्या वर्षीही हेच असणार."

"मागच्या वर्षाचं मागच्या वर्षीं," सार म्हणाले. "तें मी आजही लिहिणार नाहीं. आजचं लिहितों." त्यांनी फोन काढला, यादी उघडली. "पट्टकादंब. नऊ."

"दहा," बदरी म्हणाला.

"मी मोजलों, नऊ आहेत."

"तो बांध आहे ना, त्याच्यामागें एक बसला आहे. पाठ दिसते नुसती."

"पाठ बदकाची असेल."

"बदकाची पाठ अशी राखी असती कां, सार? मी बासष्ट जातींचीं पाखरं मोजलों आहे तीन दिवसांत, मला पाठ ओळखतां येत नाहीं?"

सार पुन्हा वाकले. "ढेकूळ आहे."

"ढेकूळ नव्हे."

"बदरी, ढेकूळ आहे."

"पंधरा मिनिटं झाली," सुब्बलक्ष्मीनं मागून सांगितलं, आणि काठी उचलून जिभेनं टक टक आवाज काढला. चारशे बदकं एका अंगानं हलली, घरच्या वाटेला लागली. मधले पाहुणे गडबडले. माना उंच, एक, दोन, चार, नऊ. आणि बांधामागचं ढेकूळ उठलं, पंख झटकले, आणि इतरांच्या मागं हलत डुलत चालायला लागलं. आडव्या दोन पट्ट्या, स्वच्छ.

सारांनी आकडा खोडून दुसरा टाकला. मग विचारलं, "पाहणाऱ्यांचीं नांवं सांग."

"आधीं मधुमिता लिहा. पट्ट्या तिला आधीं दिसल्या. मग मी. मग तुम्ही, मग मणी."

"माझं नांव तिसरं?"

"क्रमानं सांगिटलों, सार."

सारांनी क्रमानं लिहिलं.

बदरीनं तिथंच बांधावर उभं राहून मधुमिताला फोन लावला. आता मडी नव्हती, फोन कानाशी दाबून धरता येत होता. "मिळाले," तो जवळजवळ ओरडलाच, "लिहिले. यादींत चढले. पण नऊ नव्हेत, दहा आहेत. तूं एक चुकलीस."

"मी नाहीं चुकल्यें," मधुमिता म्हणाली. "एक बांधामागें बसला असेल. आणि मामा, तुम्ही तर तेव्हां कळशी ओढत होता."